दहानंतरचं गाणं

रात्री दीडनंतर शिवाजी पेठेत ज्याच्या घरात दिवा दिसतो तो माणूस एकतर आजारी असतो, नाहीतर गणपतीच्या दिवसांतला मंडळाचा कार्यकर्ता असतो, नाहीतर गाण्यातला असतो. पहिल्या दोन प्रकारांचा पेठेत कधी तुटवडा पडला नाही. तिसरी जात मात्र विरळ होत चालली आहे. माझे वडील त्या जातीतले, म्हणून तिच्याबद्दल मला थोडं अधिकारानं बोलता येतं.

गाण्यातला म्हणजे गाणारा नव्हे. वडिलांना साधा षड्ज धड लागत नसे. ते ऐकणारे होते. कोल्हापुरात त्या काळी ऐकणं हासुद्धा एक उद्योग होता, त्यालाही मेहनत लागायची आणि त्यातही लहानमोठे पैलवान असत. कुठं बैठक असली की वडील संध्याकाळीच दोन घास खाऊन घ्यायचे. बिनखांबी गणपतीवरून खासबागेकडं चालत जायचे, देवल क्लबात मागच्या भिंतीला पाठ टेकून बसायचे आणि घरी यायचे ते पहाटे, गंगावेशीतल्या कट्ट्यावरून धारोष्ण दुधाची किटली घेऊन. आजी दार उघडायची. "आलास व्हय? मी म्हणतो, अंथरूण-पांघरूण तिकडंच पाठवून द्यावं." किटली हातात पडली की तिचा राग अर्धा उतरायचा. उरलेला अर्धा आईच्या वाट्याला यायचा.

मग आंघोळ करून वडील कामावर. रात्री कोण गायलं, कसं गायलं, यावर ते फारसं बोलत नसत. एकच वाक्य ठरलेलं असायचं. "मैफल एकला सुरू झाली." लहानपणी मला हे कोडं वाटे. पत्रिकेवर तर साडेनऊ छापलेलं असायचं आणि साडेनऊला पहिला तंबोरा जुळलेलाही असायचा. मग एकला काय सुरू व्हायचं?

पुढं मी स्वतः बसायला लागले तेव्हा ते दिसलं. साडेनऊला जी सुरू होते ती बैठक. तिला निमंत्रितांची वर्दळ असते. कुणी पुढाऱ्याच्या शेजारी बसायला आलेला असतो, कुणाची बायको गायिकेच्या शालूकडं बघत असते, कुणाला शेवटची एसटी गाठायची असते. गवई हे सगळं ओळखून असतो. तो घोटलेला राग काढतो, बांधीव तान घेतो, टाळी वसूल करतो. साडेअकराच्या सुमाराला चप्पल शोधण्याची गडबड होते. बाराला मागची माणसं पुढं सरकतात. तबल्यावर परत हातोडी फिरते, चहा येतो, पानाचा डबा फिरतो. तोवर माडीवर किंवा विंगेत बसलेला गावातलाच एखादा पेटीवाला उगाच आल्यासारखा येतो आणि पाहुण्या पेटीवाल्याच्या मागं बसतो. थोड्या वेळानं पेटी त्याच्याकडं गेलेली असते. आणि मग गवई असं काहीतरी काढतो, जे त्याला स्वतःलाही पुरतं बसलेलं नसतं. रस्ता चुकतो, परत येतो, हसतो, समोरचा म्हातारा मान हलवतो, आणि दुसऱ्या वेळी तो त्याच वाटेनं पार जातो. वडिलांची मैफल ती.

'गायन समाज देवल क्लब' ही संस्था १८८३ सालची. मुंबई-पुण्याबाहेर एवढं जुनं गाण्याचं ठिकाण फार थोड्या गावांच्या नशिबी आहे. पण कोल्हापूरची रात्र जी श्रीमंत झाली ती १८९५ नंतर, शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी ठेवून घेतल्यावर. आज ज्याला आपण जयपूर-अत्रौली घराणं म्हणतो, त्याच्या नावात राजस्थान आणि उत्तर हिंदुस्थान आहे, पण ते वाढलं आमच्या पंचगंगेच्या पाण्यावर. पाव शतकाहून अधिक काळ खाँसाहेब इथं राहिले. अंबाबाईच्या देवळात त्यांचं गाणं व्हायचं. महाराज १९२२ साली गेले आणि पुढं खाँसाहेबांनी मुंबई जवळ केली. तिथंच १९४६ साली त्यांचं निधन झालं. त्यांचे धाकटे चिरंजीव भुर्जी खाँ मात्र कोल्हापूरचेच राहिले. वडिलांनी त्यांना देवळात ऐकलेलं होतं, आणि ते सांगताना त्यांचा आवाज नकळत खाली यायचा.

खाँसाहेबांची एक हकिकत कोल्हापुरात सगळ्यांना ठाऊक असते. तरुणपणी ते आमलेटा नावाच्या लहानशा संस्थानात होते. तिथल्या राजाला त्यांच्या गाण्याचा इतका नाद लागला की तो त्यांना रोज तासन्‌तास गायला लावी. शेवटी आवाज बसला, आणि नुसता बसला नाही, गेलाच म्हणायचा. पुष्कळ काळानं परत आला तेव्हा तो पूर्वीचा नव्हता. जाडसर, भारदस्त, पूर्वीसारखा न पळणारा. त्या आवाजाला काय झेपेल याचा विचार करत त्यांनी जी नवी चाल बसवली ती म्हणजे ही गायकी. लयीच्या अंगानं जाणारी, अवघड वळणाची तान, एकात एक गुंतलेले राग. ज्यांना रात्रभराच्या गाण्याचं फार कौतुक वाटतं त्यांनी ही हकिकत लक्षात ठेवावी. ऐकणारा हावरा झाला की तो गवयाचा गळा खातो. वडील याबाबतीत फार शहाणे होते. गवई दमला आहे असं दिसलं की तेच आधी उठायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "चला, गाय वेळेवर धारंला बसती."

आई कधीच गेली नाही. रात्री बाईनं असं भिंतीला टेकून बसायची पेठेत रीत नव्हती. त्यातली गंमत अशी, की या घराण्याचं नाव जगभर नेलं ते बायकांनी. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, आमच्या कोल्हापूरच्या लक्ष्मीबाई जाधव, आणि इथंच जन्मून भुर्जी खाँसाहेबांकडं शिकलेल्या धोंडूताई कुलकर्णी. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर यानांवर जगभरच्या संगीताची जी तबकडी ठेवली, तिच्यात आपल्या शास्त्रीय गाण्यातर्फे एकटा केसरबाईंचा आवाज आहे, तोही भैरवीतला. बाई गाऊन सूर्यमालेच्या बाहेर गेली, पण पेठेतली बाई रात्री ऐकायला खासबागेपर्यंत जाऊ शकत नव्हती. आईनं आपली सोय केली होती. शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीवर संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागायचा. ती रेडिओ ओट्यावर ठेवायची, आवाज इतका बारीक की शेजारच्या खोलीत झोपलेल्या आजीला कळू नये, आणि भांडी न वाजवता आवरायची. अकराला निवेदक संपलं म्हणून सांगायचा. आईची मैफल एकला कधीच पोचली नाही.

म्हणूनच असेल, मला रात्रीच्या गाण्याची ओढ जरा चढीच आहे. त्या ओढीनं मी मुंबईतल्या एका जॅझ क्लबात जाऊन बसले, तेही साठी ओलांडल्यावर, नऊवारी नाही पण चांगली इरकल नेसून.

नेणारा माझा भाचा. हा पेठेतच वाढला. लहानपणी हलगीमागं पळायचा. कुस्तीच्या मैदानात जोड भिडली की हलगी, घुमकं आणि कैताळ यांची लय चढत जाते, ती याच्या अंगात भिनली. मग हलगीवरून गाडी ड्रमवर गेली आणि पोटापाण्यासाठी मुंबईला. "मावशी," तो दारातच म्हणाला, "आत्ता झोपू नकोस. खरं बारानंतर हाय." बापाकडून मुलाला मिळावं तसं हे वाक्य मावशीच्या बापाकडून याला कसं मिळालं, कोण जाणे.

पहिला तास मला अजिबात आवडला नाही. लोक गाण्याकडं पाठ करून बोलत होते. काचेवर काच आपटत होती. वाजवणारी मंडळी तोंडावर काही न दाखवता वाजवत होती, लग्नातल्या बँडवाल्यांच्या चेहऱ्यावर असतो तसला तटस्थपणा. आपल्याकडं समोरचा बोलायला लागला तर गवई थांबतो आणि बघतो. इथं कुणी थांबत नव्हतं, कुणी बघत नव्हतं. मी सरबताचा पेला संपवून भाच्याकडं पाहिलं. त्यानं नुसता घड्याळाकडं बोट दाखवलं.

बाराच्या पुढं गर्दी पातळ झाली आणि दारातून वेगळीच माणसं यायला लागली. कुणाच्या पाठीवर गिटारची पिशवी, कुणाच्या हातात काळी लांबट पेटी. हॉटेलांतली, लग्नांतली, ध्वनिमुद्रणाची कामं संपवून आलेले हे वादक. इथं त्यांना कुणी पैसे देणार नव्हतं. एक पिकल्या केसांचा सॅक्सोफोनवाला पुढं झाला, पियानोवाल्याच्या कानात दोन शब्द बोलला, एक धून आणि एक पट्टी, बस्स, आणि चुटकीनं लय दिली. जे पाच जण वाजवायला लागले त्यातल्या दोघांची ओळखसुद्धा नव्हती, हे मला नंतर कळलं.

माझ्यासारख्या ख्याल ऐकलेल्या माणसाला त्यात हात घालायला जागा मिळते. आधी सगळे मिळून धून वाजवतात. तो मुखडा समजा. मग तिच्याखालचं मात्रांच्या बारा किंवा बत्तीस गटांचं चक्र फिरत राहतं, आवर्तनासारखं. त्या चक्रावर एकेक जण आपली बढत करतो. बाकीचे त्याला जागा देतात, कुठं टेकू देतात, कुठं मुद्दाम काढून घेतात. शेवटी सगळे मुखड्यावर येतात. मध्ये ड्रमवाला आणि सॅक्सोफोनवाला चार-चार खंड वाटून घेऊन एकमेकांना डिवचत होते, तेव्हा तर मी मांडीवर हात मारला, कारण तो सरळसरळ सवाल-जवाब होता. मात्र एकावर एक रचलेल्या स्वरांची त्यांची जी इमारत असते, ती मला अजून नीट दिसत नाही. एका षड्जावर वाढलेल्या कानाला पायाखालचा षड्जच हलायला लागल्यासारखं होतं. आणि प्रत्येकाची बढत संपली की मध्येच टाळ्या वाजवायची त्यांची पद्धत मला आजही खटकते. दाद ही समेच्या आत तोंडातून निसटायला हवी. टाळी ही विचार करून वाजवलेली असते.

पण त्या रात्रीचा एक प्रसंग सांगते. विशीतली एक मुलगी तुतारीसारखं त्यांचं ट्रंपेट घेऊन उभी राहिली. पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत ती चक्रातली जागा चुकली. चेहरा उतरला. म्हाताऱ्या सॅक्सोफोनवाल्यानं मान वळवलीही नाही, पण पियानोवाल्यानं चक्राचं तोंड असं ठसठशीत वाजवलं की आंधळ्यालाही वाट दिसावी. ती परत चढली. आणि मग भीती गेल्यामुळं असेल, पण तिनं जे वाजवलं ते त्या रात्री तिच्या आधी कुणी वाजवलं नव्हतं. म्हाताऱ्यानं आपलं वाद्य खाली ठेवून दिलं आणि ऐकत उभा राहिला. मागच्या भिंतीला टेकलेले माझे वडील मला दिसले, असं मी म्हणणार नाही. पण तिथं भिंत होती आणि मी तिला टेकले होते.

भाच्यानं मग मला या प्रकाराचा इतिहास पुरवला आणि काही मी स्वतः वाचला. त्यातलं एक गाव मला फार जवळचं वाटलं, ते म्हणजे अमेरिकेतलं कॅन्सस सिटी. गुराढोरांचा मोठा बाजार, मांसाहाराची ख्याती, आणि १९३० च्या दशकात रात्रभर उघडी राहणारी गाण्याची ठिकाणं. टॉम पेंडरगास्ट नावाच्या स्थानिक पुढाऱ्याच्या मुठीत गाव होतं आणि त्याच्या कृपेनं दारूबंदीसकट सगळे कायदे तिथं झोपलेले असत. तांबडा-पांढरा आणि पुढारी, दोन्हींची सवय असलेल्या कोल्हापूरकराला यात परकं काय वाटणार? तिथं १९३३ च्या डिसेंबरात कोलमन हॉकिन्स हा त्या काळचा सॅक्सोफोनचा हिंदकेसरी आला होता आणि लेस्टर यंग, बेन वेब्स्टर अशा गावात वाजवणाऱ्या गड्यांनी त्याला रात्रभर सोडलं नाही. मेरी लू विल्यम्स ही मोठी पियानोवादक सांगत असे, की पहाटे चारला वेब्स्टर तिच्या खिडकीशी येऊन तिला उठवू लागला, कारण गावातले सगळे पियानोवाले दमून पडले होते आणि कुस्ती अजून चालूच होती. ती उठून गेली, हे महत्त्वाचं. आमच्या पेठेत अशा हाकेला बाईला दार उघडता आलं नसतं.

त्याच गावात, १९३६ च्या सुमारास, चार्ली पार्कर नावाचा सोळा वर्षांचा पोरगा रेनो क्लबातल्या बड्यांच्या रांगेत वाजवायला उभा राहिला आणि भरकटला. जो जोन्स या ड्रमवाल्यानं आपल्या ड्रमवरची झांज काढून त्याच्या पायाशी आपटली. पोरगा हसं होऊन घरी गेला, मेहनतीला बसला, आणि दहा वर्षांत जॅझचं व्याकरण बदलणाऱ्यांत त्याचं नाव पहिलं झालं. ही गोष्ट झांज फेकणाऱ्याच्या शहाणपणाची म्हणून सांगितली जाते. मला ती पटत नाही. झांज खाऊन परत न आलेली किती पोरं असतील, त्यांची गोष्ट कोण सांगणार? मला मुंबईतला तो पियानोवाला मोठा वाटतो. पुढं न्यूयॉर्कात मिंटन्स प्लेहाउस नावाचा जो अड्डा झाला, १९३८ सालचा, तिथंही थेलोनिअस मंक आणि केनी क्लार्क ही मंडळी मुद्दाम अवघड स्वरजुळणी आणि मुद्दाम जलद लय काढत, म्हणजे कच्चे गडी आपोआप खाली उतरत. आपल्याकडच्या बुवांनी अनवट राग काढून पेटीवाल्याला घाम फोडायचा, तीच खोड. घराणी कुठलीही असोत, हा खवटपणा सगळीकडं सारखा.

आणि हे संगीत आपल्याला परकं आहे असंही नाही. १९३५ साली लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा संच घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पण ते सूर मुंबईत रुजवले गोव्याच्या माणसांनी. तिथल्या चर्चच्या शाळांत पोरांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं जाई. तेच पोट भरायला मुंबईला येत. हळदोण्याचा आन्तोनियो शावियेर वाझ मुंबईत चिक चॉकलेट झाला आणि रात्री हॉटेलात ट्रंपेट, दिवसा सिनेमाचा स्टुडिओ असं जगला. सी. रामचंद्र, म्हणजे आपले पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, यांच्या गाण्यांत जी उसळती पितळी वाद्यं ऐकू येतात, ती या अशा रात्रपाळीतून आलेली. मुंबईत १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला, हॉटेलांतल्या रात्री सुकल्या आणि ही मंडळी आणखीच सिनेमाकडं वळली. म्हणजे आमच्या आयांनी ओट्यावरच्या रेडिओत ज्या चालींवर मान डोलावली, त्यात जॅझ क्लबातली मध्यरात्र विरघळलेली होती. त्यांना ते कुणी सांगितलं नाही एवढंच.

मुंबईहून परत आले ते मनात एक कुरकुर घेऊन. तिथं चाललंय ते आपल्याकडं का थांबलं? मग एका एकादशीला रात्री पेठेतल्या एका तालमीवरून टाळ ऐकू आले आणि लक्षात आलं, की ते थांबलेलं नाही, नुसतं देवल क्लबातून उठून तालमीत जाऊन बसलं आहे.

तिथं चक्री भजन चाललं होतं. ते ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगते. चार-सहा मंडळं जमतात. पेठेतलं एखादं, कळंब्याचं, वाशीचं, वडणग्याचं. गोल करून बसतात. एकानं अभंग म्हणायचा, तो संपला की पाळी शेजाऱ्याकडं. पट्टी ठरलेली, ती बदलायची नाही. गाणारा कोण, तर उद्यमनगरातला टर्नर, गुळाच्या अड्ड्यावरचा हमाल, रिक्षावाला, शाळेतला शिपाई, एखादा सावकाराचा पोरगासुद्धा. पखवाजाच्या धुम्यावर ताजी कणीक थापलेली असते. वाजवणारा दमला की टाळांवर ठेका चालू ठेवून पखवाज या मांडीवरून त्या मांडीवर जातो, आणि नव्या हातानं पहिली थाप अशी पडते की जुन्या वाजवणाऱ्यालाही बसल्या जागी हुरूप यावा. रात्री दहाला चाली सोप्या असतात. गर्दीही असते, प्रसादाची खिचडी असते. बारानंतर गवळणी होतात. आणि एकच्या पुढं, पोरं भिंतीकडेला मुटकुळं करून झोपली की, म्हातारी खोडं चढाच्या चाली काढायला लागतात. याची चाल त्यानं उचलायची, तिला आपलं वळण द्यायचं, मूळ मालकाकडं बघून डोळे मिचकावायचे.

त्या रात्री टर्नरदादांनी मालकंसातली चाल घेतली. बरी चालली होती, पण एका हरकतीत पंचम लागून गेला. मालकंसात पंचम म्हणजे घोटाळा. कोपऱ्यातून लगेच कुणीतरी ओरडलं, "दादा, पाचवा लागला की!" दादांनी टाळ न थांबवता उत्तर दिलं, "लागू दे. खाँसाहेबांच्या गावात हाय मी, संपूर्ण मालकंस म्हणा." आणि दुसऱ्या वेळी तो पंचम मुद्दाम लावला. रिषभासह दाखवला. तालीम हसली, मग गप्प झाली, कारण दादांना तो राग खरंच कुठून तरी ठाऊक होता. जयपूर घराण्याची ही ठेवणीतली चीज. मल्लिकार्जुन मन्सूर भुर्जी खाँसाहेबांकडं शिकले ती विद्या, आणि तिचा एक कवडसा रात्री दोनला लेथ मशीनवर काम करणाऱ्या माणसाच्या गळ्यात. कुठल्या संगीत विद्यालयात हे शिकवलेलं नव्हतं. कुणीतरी कधीतरी अशाच रात्री ऐकलेलं होतं, आणि दुसऱ्या कुणीतरी त्याचं ऐकलं होतं.

आम्ही बायका समोरच्या घराच्या कट्ट्यावर होतो. आत बसायची सक्त मनाई वगैरे कुणी केलेली नाही. पण आत कुणी बसतही नाही. हे बदलायला कुठल्या राजाज्ञेची गरज नाही, दोघी-तिघींनी उठून आत जायची आहे.

आता दहाच्या काट्याबद्दल. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद केले, आणि बरं केलं. विसर्जनाच्या मिरवणुकीत महाद्वार रोडवरून डॉल्बीच्या भिंती जाताना ज्यांच्या घराची तावदानं थरथरली आहेत ते या नियमाला नावं ठेवणार नाहीत. हलगीच्या हाताला जी लय कळते ती डॉल्बीच्या यंत्राला कळत नाही, आणि आमच्याच पेठेतल्या पोरांनी हलगी सोडून यंत्र भाड्यानं आणावं याचं मला दुःख आहे. पण या नियमाचा एक वार भलतीकडं बसला. १९५३ पासून चालत आलेला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्रभर चालायचा. त्याला आता घड्याळ पाळावं लागतं. त्यांचं मैदान उघडं आहे, त्यांचा नाइलाज आहे. मात्र त्यांच्या पाठोपाठ सगळ्या महाराष्ट्रानं, अगदी चार भिंतींच्या आत गाणाऱ्यांनीसुद्धा, दहाला आवरायची सवय लावून घेतली. सहाला दीपप्रज्वलन, सातपर्यंत सत्कार, साडेनऊला आभार.

यानं काय गेलं ते मोजता येतं. आपले राग प्रहरांना बांधलेले. संध्याकाळी सहा ते दहात यमन, पूरिया, मारवा, भूप, फार तर केदार-बिहाग. मालकंसाला मध्यरात्र हवी. दरबारी, अडाणा त्याच वेळेचे. सोहनी, परज त्यापुढचे. ललत पहाटेचा. म्हणजे रात्रीचा निम्म्याहून अधिक खजिना वेळेअभावी बंद. गवई तो शिकतात, ध्वनिमुद्रित करतात, पण त्याच्या त्याच्या वेळी, समोर माणसं बसलेली असताना गात नाहीत. जॅझवाल्यांचं बरं आहे, त्यांच्या धुनेला वेळ चिकटलेली नसते, तरी ते एकपर्यंत जागतात. आपल्या रागांच्या गळ्यात वेळ बांधलेली आहे आणि आपणच झोपतो. ज्या घराण्याची ओळखच अनवट रागांची, त्याच्या गावात तर हे शोभत नाही.

उगाच जुन्या काळाचे गोडवे गायचे नाहीत. रात्रभराच्या बैठकांत पेंगणारे, दारू पिऊन दाद देणारे, आणि बायकांना घरी ठेवून येणारे असेही होते. रोज रात्र जागवा असं कुणी म्हणत नाही. शिवाय गावावर नुकता घाव बसलेला आहे. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत गेलं. केशवरावांच्या काळात संगीत नाटकं तिथं पहाटेपर्यंत रंगत. ती वास्तू परत उभी करायच्या कामात सगळं गाव गुंतलेलं असताना मी रात्रीच्या गाण्याची मागणी करावी, हे काहींना चैनीचं वाटेल. वाटू दे.

नियम वाचला तर त्यात बंद सभागृहाला वाव ठेवलेला आहे, आणि शंभर माणसांच्या खोलीत ख्यालाला ध्वनिवर्धक लागतही नाही. देवल क्लबाला आता गोविंदराव टेंब्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे. पेटी कशी वाजवावी हे ज्यांच्याकडून दोन पिढ्या शिकल्या, त्यांच्या नावाच्या घरात वर्षातून एक रात्र मिळायला हरकत नसावी. सत्कार नको, सूत्रसंचालन नको, पत्रिकेवर नावंही नकोत. दहाला दारं लावून घ्यावीत. पहिल्या दीड तासात पाहुणा गवई, आणि मग ज्याला पेटी, तबला, पखवाज, गळा घेऊन पुढं यायचं असेल त्याला मुभा. टर्नरदादांना निमंत्रण पाठवावं, आणि माझ्या भाच्यालाही त्याचे ड्रम घेऊन यायला सांगावं, हलगीशी त्याचं काय जमतं ते बघू. संयोजकांनी मनावर घेतलं तर पहाटेच्या धारोष्ण दुधाचा खर्च शिवाजी पेठ उचलेल, तेवढी वर्गणी मी स्वतः दारोदार फिरून गोळा करते. फक्त पुढच्या दोन रांगा बायकांसाठी ठेवाव्यात.